मामांना एक फोन कर

नगर, रविवार रात्र

प्रिय शांत्या,
सप्रेम सलाम.

तुझे व्हॉइस मेसेज ऐकले, उत्तर राहिलं, रागावू नकोस. बीपी ताब्यात आहे, आईचा गुडघा होता तसाच आहे. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

आपल्या चर्चच्या मंडळीची वेबसाइट नवीन करायला पंचांनी माझ्याकडे दिली, हे लिलीनं सांगितलंच असेल. आज उपासनेनंतर बैठक झाली. मी फोनवर पहिलं पान दाखवलं. वर मंडळीचं नाव, त्याखाली उपासनेची वेळ, पत्ता, नकाशाचं बटण, खाली दगडी कमानीचा एकच फोटो. बाकी सगळं मोकळं. पाळकसाहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात तुझ्या मामांनी पिशवीतून त्याच पानाची प्रिंट काढली. मी आदल्या दिवशी पाठवलेलं पान त्यांनी छापून आणलं होतं, आणि तांबड्या पेनानं प्रत्येक मोकळ्या जागेत पट्टी लावून चौकोन आखले होते. एकात 'येथे महिला मंडळ', दुसऱ्यात 'येथे माजी पाळक (फोटोसह)', तिसऱ्यात 'येथे बांधकाम निधी', वरच्या पट्ट्यात 'येथे वचन (हलते)'. उजवीकडे बोटभर जागा उरली होती, तिथे नुसतं 'रिकामे का?'

त्या 'रिकामे का?'नं मला झोप येत नाहीये.

मामा वाईट हेतूनं बोलत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. ते म्हणाले, "अरे, मंडळीला काही कामच नाही असं वाटतं. पाहुणा काय म्हणेल?" आणि खरं सांगतो, त्यांचं म्हणणं मनाला लागलं. त्यातला प्रत्येक चौकोन म्हणजे कोणाचे तरी कष्ट आहेत. महिला मंडळाच्या बायका सिव्हिलमध्ये डबे पोचवतात. शब्बाथ शाळेच्या ताई सुट्टी न घेता पोरांना वचनं पाठ करून घेतात. त्यांना पहिल्या पानावर जागा नाही म्हटलं, तर तो अपमान वाटणारच. पानावरची मोकळी जागा कितीही सुंदर असो, ती कोणाला तरी वगळून झालीये असं लोकांना वाटलं, की संपलं. तरुण संघाचा सेक्रेटरी तर तिथल्या तिथे म्हणाला, "मग आमची क्रिकेट मॅच कुठे?"

पण शांत्या, तू मस्कतला पहिल्यांदा उतरलास ते आठव. सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. रुवीच्या त्या एकाच आवारात मल्याळी, तमिळ, इंग्रजी, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या, हॉल वेगळे. तू उन्हात टॅक्सीजवळ उभा राहून फोनवर वेळ शोधत होतास आणि मला शिव्या घालत होतास, जणू ते पान मीच केलं होतं. तुला त्या क्षणी कोणाच्या कार्यकारिणीचे फोटो हवे नव्हते. किती वाजता आणि कुठल्या दारानं, एवढंच हवं होतं. मी हे पान करताना सारखा तुझाच विचार केला. बदली होऊन नगरला आलेला माणूस, कोणाच्या अंत्यविधीला धावत आलेला नातेवाईक, शुभ शुक्रवारी सात उद्गारांची उपासना बाराला आहे की आणखी कधी हे विचारणारी म्हातारी. ह्यांच्यासाठी ती जागा मोकळी सोडलीये.

आणि मोकळं म्हणजे वाटेल तसं सोडलेलं नाही. वेळ आणि पत्ता एकमेकांजवळ, कारण जवळ ठेवलेल्या गोष्टी डोळा एकत्र धरतो. माक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये नुसते ठिपके मांडून हे दाखवलं होतं. अर्पणाचं बटण त्यापासून लांब, खाली, म्हणजे दारात पाऊल ठेवण्याआधीच पेटी पुढे केल्यासारखं वाटणार नाही. बटणांभोवती ४४ पिक्सेल जागा ठेवली, कारण आपल्या मंडळीतली निम्मी बोटं संधिवाताची आहेत आणि शेजारचं बटण दाबलं जाऊन 'निधी' उघडला की माणसं घाबरतात.

आपल्या लिपीचं तर वेगळंच. इंग्रजी साइटचा तयार साचा घेतला की ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. जुन्या साइटवर वरच्या ओळीत 'स्तुती' होतं आणि नेमकं त्याखाली 'कीर्ती'. वरचा उकार खालच्या रफारात घुसलेला, दोन्ही शब्द गिचमिड. वेबच्या सुलभतेच्या नियमांत ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीपर्यंत वाढवलं तरी पान मोडता कामा नये असं आहे. मी देवनागरीला पावणेदोन पट ठेवलं, तेव्हा कुठे मात्रा-वेलांट्यांना श्वास घेता आला. आणि कोणीतरी मंडळीचं नाव 'भारदस्त' दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर ताणलं होतं, त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे झाले होते. नाव तुटक तुटक. आपल्याकडे अक्षरं ताणायची नसतात, ओळी आणि कडा मोकळ्या सोडायच्या असतात, हे बापू कंपोझिटर आपल्याला छापखान्यात खिळे जुळवताना ओरडून सांगायचा.

बापूवरून आठवलं. नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेवरून आपण भांडलो होतो ते. तू खाली कोपऱ्यात एवढीशी गव्हाणी ठेवली होतीस आणि वरचं अख्खं पान कोरं. मी म्हटलं होतं गायनवृंदाची नावं आलीच पाहिजेत, आणि आपण एप्रिलपर्यंत बोललो नाही. मी अजून माझ्याच मतावर आहे. नावं मागच्या पानावर आली असती तर तुझ्या गव्हाणीचं काही बिघडलं नसतं. आणि तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर इतकी जागा मोकळी होती की आत्यानं त्यावर महिनाभर दुधाचा हिशोब लिहिला, हे मी तुझ्या नातवंडांनाही सांगणार आहे.

गंमत म्हणजे त्या भांडणातूनच आता वाट सापडलीये. पहिलं पान येणाऱ्याचं, आणि आतलं एकेक पान एकेका सेवेचं. महिला मंडळाला त्यांचं पूर्ण पान, डब्यांच्या कामाचा एक मोठा फोटो आणि चार ओळी. चौकोनात कोंबलेल्या आठ फोटोंत कोणाचाच चेहरा ओळखू येत नाही, एक मोठा लावला की बायका खरंच दिसतात. माजी पाळकांनाही इतिहासाचं स्वतंत्र पान, प्रत्येकाभोवती ऐसपैस जागा. पहिल्या पानावर ह्या सगळ्यांकडे नेणारी फक्त चार नावं. हलतं वचन मात्र मी करणार नाही, कोणीही सांगितलं तरी. वाचून व्हायच्या आत निघून जातं ते, आणि वचन वाचायला थांबावं लागतं.

बैठकीत हे नीट मांडता आलं नाही, मामांपुढे माझी जीभ अजूनही आठवीतलीच असते. म्हणून तू बोल. त्यांना डिझाइनच्या भाषेत काही सांगू नकोस. हबक्कूकचा दुसरा अध्याय, दुसरं वचन काढायला सांग: पाटीवर असं स्पष्ट लिहायचं की धावणाऱ्यालाही वाचता यावं. मामा वचनापुढे हट्ट धरत नाहीत. मग जर्मनीतल्या त्या छापखानेवाल्या गुटेनबर्गचं सांग. साधारण १४५५ चं ते बायबल, पानाला ४२ ओळींचे दोन स्तंभ आणि भोवती केवढ्या रुंद कडा. अध्यायांची पहिली अक्षरंही हातानं रंगवायला कोरी सोडलेली. कागद आणि चर्मपत्र इतकं महाग असताना छापणाऱ्यानं कडा भरून टाकल्या नाहीत. मामा खजिनदार आहेत, महागड्या कागदाचा मुद्दा त्यांना बरोबर कळेल.

आणि जमलं तर जपानमधल्या त्या चर्चचा फोटो त्यांच्या फोनवर पाठव. ओसाकाजवळ इबाराकीला तादाओ आंदो नावाच्या वास्तुविशारदानं १९८९ मध्ये बांधलेलं. वेदीमागची भिंत काँक्रीटची, आणि तिच्यात क्रूसाच्या आकाराची फट. तेवढ्यातून उजेड आत येतो, तोच क्रूस. भिंत जिथे बांधलीच नाही, तिथे सगळ्यांची नजर जाते. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाच मिनिटं दुसरं काही सुचलं नव्हतं. मामांना तो आवडेल असं मला मनापासून वाटतं. त्यांनाही उजेडात बसून प्रार्थना करायला आवडतं, म्हणून तर ते नेहमी खिडकीजवळचा बाक धरतात.

तुझ्या नव्या नोकरीचं काय झालं? वहिनींचा व्हिसा आला का? सॅमची बारावी म्हणजे ह्या वर्षी तुम्ही नाताळला येणार नाही असं आई म्हणते, तसं असेल तर आताच सांग, ती करंज्या कोणाबरोबर तरी पाठवायच्या मागे आहे.

पुढची बैठक येत्या रविवारी, उपासनेनंतर लगेच. फोन शनिवारच्या आत कर. मामा संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर उचलतात, आधी केलास तर अर्धं ऐकतील. मी तुला सांगितलं हे त्यांना कळलं तरी चालेल.

तुझा,
विजय

ता. क. तांबड्या पेनाची ती प्रिंट मी जपून ठेवलीये, फोटो सोबत पाठवतो. चौथ्या चौकोनात काय लिहिलंय ते मला लागत नाही, तुला त्यांचं अक्षर लागतं.