लॅपटॉप उघडून वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तुमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलाशी मला बसवून घेतलेत आणि माझा लॅपटॉप माझ्याच हातांनी उघडायला लावलेत, त्याला आता तीन महिने होत आले. त्या दिवशी निघताना मी ‘आभारी आहे’ म्हणालो होतो. पण ते म्हणताना माझे अर्धे लक्ष पुन्हा उजळलेल्या पडद्याकडे होते आणि आभार नेमके कशाचे मानायचे, हे मला पुरते उमगलेले नव्हते. ते आता उमगले आहे. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण ज्यांचा लॅपटॉप आज माझ्या तेव्हाच्या लॅपटॉपसारखा वागत असेल, त्यांना यातल्या एक-दोन गोष्टी वेळेवर कळाव्यात असे मला मनापासून वाटते.

मी मुद्रितशोधनाचे काम करतो. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात आणि त्याच्या पडद्यावरचे प्रत्येक अक्षर मी तपासतो. पण ज्या यंत्रावर सात वर्षे काम केले, त्याच्या तळाचे झाकण काढून आत काय आहे ते पाहावे, असे मला कधी सुचले नव्हते. यंत्र वीस-पंचवीस मिनिटे चालून कोणतीही सूचना न देता बंद पडू लागले, तेव्हा एका ठिकाणी ते न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या’ असे मला सांगण्यात आले. तुम्ही मात्र निदान न सांगता तीन प्रश्न विचारलेत: बंद पडण्याआधी पंख्याचा आवाज वाढतो का, तळ नेमका कोणत्या बाजूला तापतो, आणि टचपॅड पूर्वीइतकाच सहज दबतो का. पहिल्या दोन प्रश्नांचा रोख मला कळला. तिसरा प्रश्न का विचारलात, ते कळले नाही. टचपॅड दोन महिन्यांपासून कडक झाला होता आणि धूळ अडकली असेल असे समजून मी अंगठ्याने अधिक जोर देऊन काम भागवत होतो. हे उत्तर ऐकल्यावर तुमचा चेहरा गंभीर झाला, तो मला आजही आठवतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरायला सांगितल्यावर तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या आधी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवलात. त्यावर लॅपटॉपच्या तळाचे चित्र काढायचे आणि निघेल तो स्क्रू चित्रातल्या त्याच जागी चिकटपट्टीने लावायचा. मला ते थोडे शाळकरी वाटले होते. मग तुम्ही दोन स्क्रू माझ्या तळहातावर शेजारी-शेजारी ठेवलेत. डोकी अगदी सारखी आणि लांबीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा फरक. लांब स्क्रू आखूड जागी आवळला, तर तो वरच्या भागाला फुगवटा आणतो किंवा मधल्या बोर्डातली वीज वाहून नेणारी एखादी रेघ तोडतो, आणि मग चांगल्या यंत्राचा बिघाड दुरुस्ती करणाराच निर्माण करतो, हे तुम्ही सांगितलेत. आमच्या व्यवसायात इकडचा परिच्छेद तिकडे गेला तर जे होते तेच हे, असे मला तेव्हाच वाटून गेले.

आठ स्क्रू निघाले. गिटार वाजवायच्या पिकसारखा तो प्लॅस्टिकचा पातळ तिकोनी तुकडा फटीत घालून मी कडेने फिरवू लागलो आणि खटक्या एकामागून एक सुटत गेल्या. तीन बाजू मोकळ्या झाल्या, पण बिजागरीकडची बाजू काही केल्या हलेना. मी जोर लावणार इतक्यात तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, “जोर लागतोय म्हणजे काहीतरी वाचायचं राहिलंय.” मागच्या रबरी पायाची पट्टी उचलून पाहिली, तर तिच्याखाली आणखी दोन स्क्रू होते. ताई, त्या दिवसाचे सर्वांत मोठे देणे माझ्या दृष्टीने हे एक वाक्य आहे. हात लावण्याआधी पाहायचे आणि अडले की पुन्हा पाहायचे, हे तुम्ही पुढचे दोन तास पुन्हा पुन्हा करून दाखवलेत.

झाकण निघाले आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समोर आले. बॅटरीचे तीन चपटे पाकिटासारखे सेल शेजारी-शेजारी होते. त्यांपैकी टचपॅडखालचा मधला सेल उशीसारखा फुगला होता आणि टचपॅडला खालून रेटत होता. लिथियम-आयन सेल जुना झाला किंवा सतत तापत राहिला, की आतल्या द्रावाचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसल्याने पाकीट फुगते, हे तुम्ही शांतपणे सांगितलेत; पण त्याच वेळी माझ्या हातातला धातूचा चिमटा काढून घेतलात. फुगलेला सेल टोचायचा नाही, दाबायचा नाही, वाकवायचा नाही, कारण आतले दोन थर एकमेकांना टेकले तर तो पेट घेऊ शकतो. मी दोन महिने रोज अंगठ्याने नेमका त्याच जागी दाब देत होतो. हे लिहिताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. वाचकांपैकी कोणाचा टचपॅड कडक झाला असेल, लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर त्यांनी ते धुळीवर ढकलू नये, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिले असते तरी चालले असते.

बॅटरीचा कनेक्टर सर्वांत आधी का सोडवायचा, हेही तेव्हाच कळले. लॅपटॉप बंद असला, तरी बॅटरी जोडलेली असेतो बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच, आणि हातातून निसटलेला एक स्क्रू दोन बिंदूंना एकदम टेकला तरी नुकसान व्हायला तेवढे पुरते. तुम्ही ती बॅटरी स्वतः प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सोडवलीत, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर नेऊन ठेवलीत आणि नंतर ई-कचरा संकलनाकडे पोहोचवलीत. तेवढे एक काम तुम्ही मला करू दिले नाहीत, आणि ते योग्यच होते.

पंख्याचा भाग मात्र पूर्णपणे माझ्याकडे सोपवलात. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावायला सांगितलेत आणि त्याचे कारणही दिलेत: आपल्याला चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात, पण चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला निकामी होऊ शकते, म्हणजे आपल्याला काहीही न जाणवता नुकसान होऊन गेलेले असते. मग पंख्याचे स्क्रू काढले, पंखा उचलला आणि त्याच्यामागे तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी दिसण्याऐवजी राखाडी रंगाची जाडसर पट्टी दिसली. मी तिला पॅकिंगचा भाग समजलो. तुम्ही चिमट्याने तिचे टोक धरून ओढायला सांगितलेत आणि ती अखंड निघून आली, घोंगडीच्या काठासारखी. सात वर्षांची धूळ आणि धागे पात्यांच्या तोंडाशी एकात एक गुंतून नमद्यासारखे झाले होते. पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवेला बाहेर जायला वाटच उरली नव्हती. मग प्रोसेसर तापायचा, आधी स्वतःचा वेग कमी करायचा आणि तरीही तापमान मर्यादेबाहेर गेले की जळू नये म्हणून यंत्र बंद व्हायचे. तीच उष्णता शेजारच्या बॅटरीलाही वेळेआधी म्हातारी करत होती. मदरबोर्ड तर स्वतःला वाचवत होता.

पंख्याजवळच्या पात्यांपासून प्रोसेसरपर्यंत गेलेली चपटी तांब्याची नळी मी भरीव पट्टी समजत होतो. ती आतून पोकळ असते, तिच्यात पाण्याचे अगदी थोडे थेंब असतात आणि हवा काढून घेतल्यामुळे ते पाणी नेहमीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला उकळते, हे ऐकून मी काम थांबवून ऐकतच राहिलो. प्रोसेसरच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या भिंतीवरच्या सच्छिद्र थरातून ते पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, परत येते. यात मोटर नाही, झडप नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये अशी नळी सिद्ध केली. माझ्या मांडीवर सात वर्षे वाफ आणि पाण्याचे हे चक्र चालू होते आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, चार स्क्रूंजवळ 1 ते 4 असे आकडे छापलेले होते. सोडवताना ते उलट्या क्रमाने आणि आवळताना सुलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत घ्यायचा, कारण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर टेबलावरच्या डेस्कटॉप संगणकातल्यासारखे धातूचे झाकण नसते आणि उघड्या सिलिकॉनवर एका कोपऱ्यातून दाब पडला तर तो तडकू शकतो. वाळून भुगा झालेली जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारा मधला लेप, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तेव्हा खाली बोटाच्या नखाएवढा आरसा निघाला. त्यात तुमच्या टेबलावरचा दिवा स्पष्ट दिसत होता. मी तो पुसायचे विसरून पाहत राहिलो आणि तुम्ही घाई केली नाहीत, याचेही आभार.

त्यानंतर तुम्ही मला बोर्ड वाचायला शिकवलात, आणि मुद्रितशोधक म्हणून मला सर्वांत जास्त आनंद याचाच झाला. प्रत्येक कणाएवढ्या भागाजवळ पांढऱ्या शाईत एक अक्षर आणि एक आकडा असतो: आर म्हणजे रोधक, सी म्हणजे धारित्र, एल म्हणजे वेटोळे, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर, यू म्हणजे चिप. इतका वेळ मला जे निव्वळ हिरवे रान वाटत होते, ते क्षणात ओळींनी लिहिलेले पान झाले. नावांतही मापे लपलेली असतात, हे तुम्ही पुढे दाखवलेत. घड्याळ चालू ठेवणाऱ्या नाण्यासारख्या सेलवर सीआर2032 लिहिलेले असते, म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर. एसएसडीसाठी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर माहिती साठवणाऱ्या पट्टीसाठी असलेल्या रिकाम्या जागेवर 2280 होते, म्हणजे रुंदी 22 आणि लांबी 80 मिलिमीटर. ही जागा रिकामी आहे हेही मला सात वर्षांत कोणी सांगितले नव्हते. माझे सगळे काम मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर चालले होते. रॅमची पट्टी काढून तिची खाच मध्यापासून जराशी बाजूला का आहे, म्हणजे ती उलटी बसूच नये, हे दाखवलेत. शेवटी, झाकण मिटताच लॅपटॉपला कसे कळते, असे मी विचारले, तेव्हा उत्तर न देता तुम्ही एक स्क्रू पडद्याच्या चौकटीच्या कोपऱ्याजवळ नेलात आणि तो टचकन चिकटला. आत लोहचुंबक, आणि समोर बोर्डावर त्याची चाहूल घेणारा हॉल सेन्सर.

परत जोडताना माझी एक चूक झाली, ती लिहायला हवी. कीबोर्डची चपटी रिबन केबल मी कनेक्टरमध्ये घातली, पण त्याची नखाएवढी काळी पट्टी उचलून पुन्हा खाली दाबायची असते हे विसरलो आणि केबल तशीच आत रेटू लागलो. ती पट्टी मोडली असती तर कीबोर्ड बंद पडला असता. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही फक्त विचारलेत, “जोर लागतोय ना?” आणि मी हात मागे घेतला.

नव्या बॅटरीवर यंत्र आता दिवसभर चालते. जड फायली उघडल्या तरी प्रोसेसरचे तापमान 70 अंशांच्या आसपास राहते. पूर्वी ते 100 ला टेकून यंत्र बंद पडत असे. गेल्या महिन्यात मी 2280 च्या रिकाम्या जागेत एसएसडी स्वतः बसवली, आधी कागदावर चित्र काढून, दहाही स्क्रू आपापल्या जागी चिकटवून, बॅटरीचा कनेक्टर सोडवून. रबरी पट्टीखालचे दोन स्क्रू मी या वेळी सर्वांत आधी काढले.

तुमचा तो प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा माझ्याकडेच राहिला आहे. त्या दिवशी माझ्या चित्राच्या कागदात तो गुंडाळला गेला होता आणि घरी आल्यावर सापडला. तो परत करायला लवकरच येईन. पडद्याच्या कडेने गेलेल्या वायफायच्या काळ्या आणि पांढऱ्या तारा बिजागरीतून नेमक्या कशा वळतात, हे तेवढे त्या दिवशी पाहायचे राहिले होते. तुम्हाला सवड असेल, तर तेही दाखवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक मुद्रितशोधक