काम दोघांचे, कागद एकाचा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचा हंगाम आला की सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर, किनारपट्टीतल्या काथ्याच्या आणि बांबूच्या वस्तूंवर वृत्तपत्रांत लेख येतात. फोटो छान असतात. मजकुरात एक वाक्य मात्र ठरलेले असते : 'ताई घर सांभाळून दुकान चालवतात.' ते सांभाळणे कसे होते, त्याला किती तास लागतात आणि ते तास वस्तूच्या किमतीत कुठे दिसतात का, हे कोणी विचारत नाही. या धंद्यातल्या अनेक घरांत लेथ, म्हणजे लाकूड फिरवून आकार काढायचे यंत्र, एकाच्या हातात असतो. घासणे, रंग, डोळे-नाक, खोकी भरणे आणि गिऱ्हाईक हे सगळे दुसरीच्या. हे पत्र त्या दुसरीच्या बाजूने.

दिवस इथे घड्याळावर चालत नाही, रंगावर चालतो. कामे दोन जातींची : मध्येच सोडून उठता येणारी आणि न येणारी. घासकाम सोडता येते. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात, मग १२०, शेवटी २२०. मध्ये कुकरची शिट्टी झाली, दारात मासेवाली आली, तरी काही बिघडत नाही. अस्तराचा पहिला हातही सोडता येतो. लाखेचे काम नाही सोडता येत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने तापून ती वितळते आणि पसरते. मध्येच लक्ष गेले तर थर जाड बसतो, गार होतो आणि पट्टा उठून दिसतो. रंग कालवणे हेही एका बैठकीचे काम. अर्ध्या मालाला आज आणि अर्ध्याला उद्या कालवलेला पिवळा लावला तर एकाच टोपलीतली लाकडी केळी दोन वेगळ्या गावांहून आल्यासारखी दिसतात.

आणि डोळे. लाकडी बैलजोडीचे डोळे बारीक ब्रशने काढतात : आधी पांढरा लंबगोल, तो सुकला की काळे बुबुळ, त्यावर पांढरा टिंब. चारही डोळे एका बसणीत झाले पाहिजेत. मध्ये उठून आले की हाताचा दाब बदलतो, मनगट वेगळ्या कोनात टेकते आणि एक बैल समोर बघतो, दुसरा भलतीकडे. गिऱ्हाइकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण तो जोडी हातात घेतो आणि परत ठेवतो. म्हणून डोळ्यांचे काम मुले शाळेत गेल्यावर, नाहीतर रात्री भांडी आवरल्यावर. रात्री उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला घ्यावा, नाहीतर हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडते. छटा मात्र दिव्याखाली कालवू नये. सकाळी ती वेगळीच दिसते.

दुपारचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे बाजारपेठ एक ते चार पडदा ओढून घेते आणि घरच्या माणसांना तेवढाच वेळ मिळतो. पण गोव्याकडे जाणारा पर्यटक वाटेत जेवून दोन-तीनच्या सुमारास येतो. महामार्गाचा झाराप-पत्रादेवी रस्ता सावंतवाडीच्या बाहेरून गेल्यापासून मुद्दाम गाडी वळवून शहरात येणारेच उरले आहेत. बंद दार बघून गेलेला माणूस पुन्हा येत नाही. ऑक्टोबर ते मे दुपारी उघडे आणि पावसाळ्यात दुपारी बंद, हा सरळ तोडगा. दुपारी गल्ल्यावर सासूबाई किंवा आजोबा बसणार असतील तर प्रत्येक वस्तूला मोठ्या मराठी आकड्यांत किंमत चिकटवावी आणि तळाला पेन्सिलीने शेवटचा भाव लिहून ठेवावा. नाहीतर दर घासाघिशीला स्वयंपाकघरात हाक येते.

वर्षाचे वेळापत्रक मांडून बघितले की खरी कोंडी कळते. दुकानाची गर्दी आणि घराची गर्दी एकाच वेळी येते. मे महिन्यात पर्यटक असतात, चाकरमानी असतात, काजू-आंब्याची कामे चालू असतात आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमीही तेव्हाच. पापड, फेण्या, सांडगी मिरच्या, आमसुले, सुकट, लाकूडफाटा. त्यातून खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, जागेवरून तंटा. इथे एक गोष्ट सोपी आहे : ऊन आमसुलांना द्यावे आणि खेळणी पडवीत सावलीला वाळवावी. हे घरच्यांसाठी केलेले औदार्य नव्हे. मेच्या कडक उन्हात आंब्याच्या लाकडाला टोकांकडून चिरा जातात, आणि तेली रंगाची वरची साय लवकर धरते, खालचा थर ओला राहतो, मग सुरकुत्या पडतात. पापड-फेण्यांबाबत मात्र स्पष्ट बोलायला हवे. त्या दिवसांत दुकानात मिळणारे पैसे बाजूला ठेवून घरी पापड लाटणे हा तोट्याचा व्यवहार आहे. बचत गटाकडून घ्यावेत. नातेवाईक दोन दिवस बोलतील.

गणपतीचे गणित याहून कठीण, कारण तेव्हा हवा ओली असते. पाट, चौरंग, मखराचे सुटे भाग यांची मागणी श्रावणात येते. एरवी एका रात्रीत सुकणारा तेली रंग पावसाळ्यात दोन-दोन दिवस बोटाला लागतो, आणि फवाऱ्याच्या लॅकरवर दमट हवेत पांढुरकी झाक येते. त्यातच चतुर्थीला मुंबईची मंडळी येतात आणि ज्या पडवीत माल सुकत असतो तिथे अंथरुणे घालायची असतात. म्हणून नियम करावा : नारळी पौर्णिमेनंतर नवी ऑर्डर नाही. पौर्णिमा ते चतुर्थी सुमारे अठरा-एकोणीस दिवस मिळतात. त्यात दोन हात रंग, एक हात वार्निश आणि शेवटचे चार-पाच दिवस नुसते सुकण्यासाठी. ओला माल घाईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला की पिशवी रंगाला चिकटते आणि गिऱ्हाईक सोडवताना रंगासकट काढतो. तयार माल वर्तमानपत्रात गुंडाळावा. कपाटात ठेवायचा तर खालच्या कप्प्यात जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा तारेचा दिवा लावावा, कागदापासून आणि पिशव्यांपासून लांब. एलईडीचा उपयोग नाही, तो तापतच नाही.

जून-जुलैत लावणी असते, दुकान ओस असते. हा काळ रंगाचा नाही, लाकडाचा. लेथवर कच्चे आकार काढून ठेवावेत, थोडे जाडसर, म्हणजे हवा कोरडी झाल्यावर लाकूड आवळले तरी घासायला जागा राहते. कच्चा माल माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेत ठेवायची जुनी पद्धत चांगलीच आहे. आंब्याच्या पांढऱ्या लाकडाला लागणारी कीड धुराला टिकत नाही. वस्तूखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर ती वस्तू लगेच वेगळी करावी. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय बांबूच्या टोपल्यांना ठीक, पण लहान मुले तोंडात घालतील अशा खेळण्यांना नको.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली असला की धोकेही एकत्र राहतात. थिनर शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवणे हा सर्रास दिसणारा आणि सर्वांत वाईट प्रकार. मूल ती बाटली ओळखते आणि तोंडाला लावते. पत्र्याच्या डब्यात, उंच फळीवर, लाल पट्टी मारून ठेवावे. लेथजवळ पदर खोचलेला पुरत नाही. ओढणी काढून ठेवावी, मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्यावे, बांगड्या उतरवाव्यात. रंगाच्या डब्यावर शिशाचे प्रमाण वाचून घ्यावे : घरगुती रंगांत दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, आणि सुटा, बिनलेबलाचा स्वस्त रंग ती पाळतोच याची खात्री कोण देणार? शाळेतून आल्यावर मुलांनी खोकी भरावी, चिठ्ठ्या चिकटवाव्या, हिशेब मांडावा. १४ वर्षांखालच्या मुलांना घरच्या धंद्यात शाळेव्यतिरिक्तच्या वेळी धोका नसलेले काम करता येते, असे २०१६ ची कायदादुरुस्ती सांगते. लेथ, लाख आणि थिनर त्यात बसत नाहीत.

आता किमतीकडे. समजा सहा लाकडी फळांचा एक संच आहे. लाकूड ६० रुपये, रंग आणि पॉलिशपेपर २५, वीज १०, टोपली आणि खोके २५. झाले १२०. लेथवर एक तास, घासायला पाऊण तास, रंगाला सव्वादोन तास. एकूण चार तास. मजुरी किती धरायची याचे भांडण नको म्हणून रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर घेऊ : दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे तासाला ३९. चार तासांचे १५६. संच पडला २७६ रुपयांना. पण घरोघरी हिशेब होतो तो असा : सामान १२०, लेथचा एक तास ३९, एकूण १५९. घाऊक घेणाऱ्याने २०० दिले की ४१ सुटले म्हणून सगळे खूश. प्रत्यक्षात ७६ रुपये घरातल्या बाईने पदरचे घातलेले असतात, कारण तिचे तीन तास 'घरचेच' म्हणून मोजलेले नाहीत. गल्ल्यावर बसण्याचे तास आणि मोडतोड अजून धरलेलीच नाही. एक वही करावी आणि त्यात प्रत्येक वस्तूपुढे दोन माणसांचे तास वेगळे लिहावेत. महिनाभरात कळते की कोणत्या वस्तू बनवणे थांबवले पाहिजे; बहुधा त्याच, ज्यांची सगळे सर्वांत जास्त तारीफ करतात.

गल्ल्यातून घरखर्च उचलायची सवयही तोडायला हवी. मासळी, गॅस, शाळेची फी, सगळे एकाच डब्यातून गेले की लाकूड घ्यायच्या वेळी डबा रिकामा असतो. आठवड्याच्या बाजारादिवशी ठरावीक रक्कम घरासाठी काढावी, बाकी गल्ल्याला हात लावू नये.

तासांसारखीच गत नावाची. दुकानाची नोंद, उद्यम नोंदणी, बँकेचे खाते, क्यूआर कोड बहुधा पुरुषाच्या नावावर असतात. पैसे आले की नाही हे बघायला गल्ल्यावरची बाई बाजारात गेलेल्या नवऱ्याला फोन करते आणि गिऱ्हाईक पिशवी घेऊन ताटकळते. जी गल्ल्यावर बसते तिच्या नावाचे खाते आणि तिच्याच मोबाइलवर कोड, एवढे तरी आजच करता येते. दुसरी गोष्ट हस्तकला कारागिराच्या ओळखपत्राची. २०२० च्या खेळणी गुणवत्ता आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. ही नोंद माणसाची होते, दुकानाची नव्हे. रंग करणारीने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. नवऱ्याचे कार्ड आहे म्हणून थांबू नये.

खरी अडचण पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात पारंपरिक बाहुली-खेळणी बनवणारे आहेत, टोपल्या-चटया-काथ्यावालेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, पहिले कर्ज एक लाखापर्यंत ५ टक्क्यांनी. योजना चांगली आहे. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. ज्या धंद्यात एक वस्तू दोन वेगळ्या कसबांनी पुरी होते तिथे ही अट एका कसबाला कारागीर ठरवते आणि दुसऱ्याला घरकाम. लेथवाल्याचे नाव लागले की रंगवणारीचे कायमचे बाद. निवड करायचीच झाली तर अर्ज भरण्याआधी घरात बसून ठरवावे की नवी अवजारे आणि प्रशिक्षण कोणाच्या कामाला जास्त लागणार. सवयीने कर्त्या पुरुषाचा आधार क्रमांक टाकून मोकळे होऊ नये.

आमची मागणी लोकप्रतिनिधींकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे आहे. जिथे पती-पत्नी एकाच वस्तूवर वेगवेगळे काम करतात तिथे निदान प्रशिक्षण आणि विद्यावेतन दोघांना मिळावे, कर्ज हवे तर एकच राहू द्या. तशी शिफारस जिल्ह्यातून वर जावी. चाळीस तासांचे मूळ प्रशिक्षण सलग पूर्ण दिवसांऐवजी सकाळी दहा ते दोन असे दहा दिवस ठेवले तर लहान मुलांच्या आयांना येता येईल. गावातून येणाऱ्यांना दुपारची एसटी मिळते, संध्याकाळची शेवटची गाठताना जीव जातो. मे महिना, लावणी आणि चतुर्थीच्या आधीचे तीन आठवडे वगळावेत. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हाही भातकापणीचा काळ, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. मुंबईतल्या 'सरस' या बचत गटांच्या प्रदर्शनासारख्या दहा दिवसांहून लांबलेल्या प्रदर्शनांत एका दुकानामागे दोन माणसांची राहण्याची सोय असावी, म्हणजे पाच-पाच दिवस आळीपाळीने जाता येईल आणि मागे घराला व दुकानाला कुलूप लागणार नाही.

आपले,
लाकडी खेळण्यांच्या दुकानांत काम करणारे काही जण आणि काही जणी,
जि. सिंधुदुर्ग