मॅडम, तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणालात त्याबद्दल

नमस्कार मॅडम,

आमच्या व्याख्यानमालेत तुम्ही बोललात, त्याबद्दल वाचनालयाच्या लेटरहेडवरचं आभारपत्र तुम्हाला पोस्टाने मिळालं असेलच. ते अध्यक्षांच्या सहीचं, त्यात 'ओघवत्या वाणीने श्रोते मंत्रमुग्ध झाले' वगैरे आहे, ते दरवर्षी तेच असतं, नाव तेवढं बदलतं. हे मात्र माझं मी लिहितोय आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तालुक्याच्या गावात व्याख्यानमाला चालवणारे आमच्यासारखे बरेच येडे आहेत, त्यांनाही कळू दे की असे वक्ते अजून मिळतात. तुमचं नाव टाकत नाही, आवडणार नाही तुम्हाला.

आधी थोडी मळमळ काढतो, राग मानू नका. 'जागतिक घडामोडी' विषय घ्यायचा म्हटलं की आमच्या कमिटीला घाम फुटतो. विनोदी कथाकथनाला हॉल भरतो, कीर्तनाला मांडव पुरत नाही, पण युक्रेन-इराणवर बोलणारा माणूस एकतर दिल्लीत नाहीतर टीव्हीच्या चौकटीत. मागच्या खेपेला वर्गणी काढून, एका एजन्सीमार्फत, मोठं नाव ठरवलं. निम्मं मानधन ॲडव्हान्स, बिझनेस क्लासचं तिकीट, नाशिकला अमुकच दर्जाचं हॉटेल, आणि वर 'ऑडियन्स प्रोफाइल' पाठवा म्हणे. आता काय प्रोफाइल पाठवणार, द्राक्षवाले, कांदेवाले, रिटायर्ड मास्तर आणि पहिल्या रांगेत हमखास डुलक्या काढणारे आमचे माजी अध्यक्ष. बॅनर लागले, रिक्षा फिरली, आणि आदल्या संध्याकाळी मेसेज आला, 'अपरिहार्य कारणास्तव'. त्याच रात्री साहेब एका चॅनेलवर हातवारे करत होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ॲडव्हान्स पुढच्या इव्हेंटला ॲडजस्ट करू म्हणाले, अजून करतायत. त्यांच्या आधीचे एक गृहस्थ निदान आले तरी, पण पाऊण तास कुठल्या राष्ट्राध्यक्षाने त्यांना कसं जवळ बोलावलं हेच सांगत बसले, नंतर सेल्फी, नंतर गाडी.

पैसे घेऊ नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही हां. उलट शाल-श्रीफळावर माणसाची बोळवण करायची आपली खोड वाईटच. आयुष्यभर वकिलातींमध्ये काढलेल्या माणसाच्या दोन तासांना किंमत आहे आणि ती द्यावी. राग फक्त एवढाच की किंमत घेतलीत तर या तरी, आणि आलात तर समोर कोण बसलंय ते तरी बघा.

तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही स्वतः उचललात. मानधनाचं दोन वाक्यांत झालं. आणि मग तुम्हीच मला प्रश्न विचारायला लागलात, तुमच्याकडचा माल कुठल्या बंदरातून जातो, किती जण एक्सपोर्टला देतात, २०२४ च्या हंगामात काय झालं होतं. मला वाटलं आता मुलाखत माझीच आहे.

भाषणाबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी ऐकलं त्यांना माहितीये. प्रोजेक्टर असूनही तुम्ही फळा मागितलात आणि खडूने आफ्रिका काढलीत, जरा वाकडी झाली होती पण चालतंय. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज पकडलं, तिथपासून ते न्हावा शेव्यातून निघालेला आमचा द्राक्षाचा कंटेनर सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून रॉटरडॅमला कसा गेला, दहा-पंधरा दिवस जास्तीचे, आणि शून्य डिग्रीच्या आसपास ठेवलेला मालही शेवटी नाशवंतच. येमेनमधल्या भांडणाचं निफाड तालुक्याशी काय नातं, हे आमच्याकडे असं कुणी सांगितलं नव्हतं. ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदीही तुम्ही टाळली नाहीत. आपण रातोरात दार लावलं की बांगलादेश, श्रीलंकेचा व्यापारी दुसरं दुकान शोधतो आणि तो सगळाच्या सगळा परत येत नाही, हे स्टेजवरून सरळ बोललात. पुढाऱ्यांच्या रांगेत जरा चुळबुळ झाली, मला मजा आली.

पण मला खरं लिहायचंय ते आमच्या द्राक्षवाल्या आबांच्या प्रश्नाबद्दल. शेवटच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "बोट लांबून गेली ते समजलं बाई. पण जास्तीचं भाडं गेलं कोणाच्या खिशातून? माझ्या पट्टीत का कापलं?" (पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद.) लोक हसले. आमच्या सूत्रसंचालकाने लगेच 'वेळेअभावी' सुरू केलं. तुम्ही हातानेच त्याला थांबवलंत आणि म्हणालात, "याचं उत्तर मला माहीत नाही. मला सामुद्रधुनी कळते, पट्टी कळत नाही. पण विचारून सांगते." आणि पर्समधून डायरी काढून स्टेजच्या कडेला येऊन उभ्या राहिलात, नाव सांगा, नंबर सांगा. आबांना स्वतःचा नंबर पाठ नाही. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला, शेजारच्याला मिस्ड कॉल दिला, त्याने आकडे वाचले, तुम्ही लिहून घेतलेत आणि परत वाचून दाखवलेत, बरोबर आहे ना म्हणून. अख्खा हॉल थांबला होता. हसणारे गप्प.

खरं सांगतो, मला वाटलं चांगलं केलं, वेळ मारून नेली. आम्हाला तीच सवय ना. आणि मग आबा वाचनालयात आले ते थेट माझ्या टेबलापाशी. बागेत थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, चालू असताना तुमचा फोन आला होता, मजुरांना ऐकू जावा म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला म्हणे. तुम्ही शिपिंगमधल्या कुणाला तरी विचारून घेतलं होतंत. ठरलेल्या दराने माल जहाजावर चढवून द्यायचा सौदा असेल तर पुढचं भाडं माल घेणाऱ्याने भरायचं, पण दर न ठरवता कन्साइनमेंटवर पाठवला असेल तर तिकडे विकून आलेल्या पैशातून भाडं, खर्च सगळं वजा होऊन उरेल ते तुमचं, म्हणून पट्टीत कापलं. यंदा सौदा करताना हे आधीच लिहून घ्या, असंही सांगितलंत. आबांनी ते आता इतक्या जणांना ऐकवलंय की एक्सपोर्टर मंडळी तुमच्यावर नाराज असतील.

१८७५ ला रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून भाषण ऐकायची हौस महाराष्ट्राला आहेच, बोलणारेही पैशाला पासरी आहेत. स्टेजवरून उतरल्यावर समोरच्याचा प्रश्न बरोबर घरी घेऊन जाणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. साधी माणुसकी आहे, तिला पदवी लागत नाही, एजन्सी लागत नाही, पण हल्ली तीच बुकिंगला मिळत नाही.

बाकी सगळे मजेत. फळ्यावरची आफ्रिका शिपायाने दुसऱ्या दिवशी पुसली, त्याला बोललो मी. आणि हो, गाडीभाड्याचं बिल तुम्ही अजून पाठवलेलं नाही, खजिनदार रोज विचारतात, त्यांना हिशोब बंद करायचाय. व्हॉट्सॲपवर फोटो टाकलात तरी चालेल.

आपला,
व्याख्यानमालेचा चिटणीस