आमच्या विश्वासपत्रासाठी झटलेल्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

जय ख्रिस्त.

पुण्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती सहभागितेचं विश्वासपत्र, म्हणजे आम्ही मिळून काय मानतो आणि शिकवतो ते सांगणारा कागद, अखेर सर्वांच्या संमतीनं कायम झालं. हे आभार मी चारचौघांत मानते आहे. निरनिराळ्या मंडळ्यांतली माणसं एकत्र प्रार्थनेला बसली की असा कागद कसा लिहायचा हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच, आणि तुम्ही दाखवलेली वाट अशा सर्वांना उपयोगी पडेल.

आमच्यात वसईचे कॅथलिक आहेत, नगरकडचे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) आहेत, मेथॉडिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल आहेत. गाण्यात, प्रार्थनेत कधी अडलं नाही. मुलांना आणि नव्यानं येणाऱ्यांना शिकवायचं काय, यावर मात्र अडलं. बाप्तिस्मा पाण्यात बुडवूनच, आत्म्यानं अन्य भाषांत बोलण्याचं दान, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य, मरियामातेचा मान: ज्याला जे प्रिय, ते त्याला कागदावर हवं होतं. वाद नको म्हणून काहींनी मग सुचवलं, ‘देव प्रीती आहे’ एवढंच लिहू आणि थांबू.

तुम्ही दोन्हींना नकार दिलात. प्रभू मेलेल्यांतून उठला हे ज्या कागदावर नाही, त्याला मी विश्वासपत्र म्हणणार नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ‘आम्हांला पवित्र शास्त्र पुरे, माणसांनी रचलेले अंगीकार कशाला’ असं म्हणणाऱ्या भावांपुढे तुम्ही शास्त्रच उघडलंत, करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. पौल तिथं म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगून ठेवलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) आणि मग बारा जणांना दिसला. म्हणजे विश्वास मोजक्या शब्दांत बांधून पुढच्याच्या हाती देण्याची रीत पौलाच्याही आधीची. त्या संध्याकाळनंतर आमचे पेंटेकॉस्टल भाऊच या कामात सर्वांत पुढे राहिले.

मग तुम्ही नायसियाच्या परिषदेचा विश्वासांगीकार ओळीओळीनं वाचून घेतलात. पुत्र हा देवानं निर्माण केलेला आहे, या एरियसच्या शिकवणीला उत्तर म्हणून 325 मध्ये तो लिहिला गेला. त्या मजकुरात पवित्र आत्म्याविषयी जेमतेम एक ओळ होती. आज आपण म्हणतो तो विस्तार कॉन्स्टँटिनोपलच्या 381 च्या परिषदेशी जोडला जातो. एवढ्या मोठ्या सभेलाही सगळं एका बैठकीत लिहून संपवता आलं नाही, हे कळल्यावर आमची घाई गेली. आज म्हणतो त्या अंगीकारात ‘एकच बाप्तिस्मा’ आहे. वय किती, पाणी किती, हे नाही. आमचं बाप्तिस्म्याचं कलम आम्ही तिथंच थांबवलं.

सीएनआयची हकीकत तुम्ही सांगितलीत ती मला फार मोलाची वाटते. बोलणी सुरू झाली 1929 मध्ये आणि नागपुरात ऐक्य झालं 29 नोव्हेंबर 1970 रोजी. सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे कळत्या वयातच देणारे बॅप्टिस्टही होते, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया मात्र शेवटच्या टप्प्यावर बाजूला राहिलं. हे सांगताना तुमच्या आवाजात त्यांच्याबद्दल जराही कडवटपणा नव्हता, आणि समोर आमचे मेथॉडिस्ट बंधू बसले होते. त्याबद्दल वेगळे आभार.

शास्त्राच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ गेला. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलात 73. आकडा घातला की कोणीतरी बाहेर जाणार. शास्त्र देवप्रेरित आहे आणि आमच्या शिकवणीला ते बंधनकारक आहे, एवढं लिहावं, आणि सहभागितेत दोघांनाही मान्य असलेल्या पुस्तकांतूनच शिकवावं, हा तोडगा तुमचा. माझ्या मते संपूर्ण विश्वासपत्रातलं हे सर्वांत कष्टाचं वाक्य आहे.

ख्रिस्तावर प्रेम असूनही ज्यांना घरच्या कारणांनी बाप्तिस्मा घेता आलेला नाही, त्यांचं काय, हा प्रश्न एका ताईंनी रडवेल्या होऊन विचारला होता. तेव्हा तुम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण काढलीत. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. त्यावरून आमचा नियम ठरला: सही फक्त शिकवणाऱ्यांची. प्रार्थनेला बसायला, गायला, रडायला कोणाचीही सही लागणार नाही. त्या ताई आता दर आठवड्याला येतात.

‘मी सहभागितेचा सभासद नाही’ असं म्हणून तुम्ही सही करायला नकार दिलात. आम्ही शिकवणाऱ्यांच्या सह्यांखाली एक जागा मोकळी ठेवली आहे. पुढच्या महिन्यात आमच्यातले दोघे कागद घेऊन नगरला येतील. साक्षीदार म्हणून तरी तिथं तुमचं नाव लिहावं, ही सर्वांची विनंती आहे. पाळकीणबाईंनाही आमचा सलाम सांगा. आमच्या बैठका लांबल्या तेव्हा त्यांनी दर वेळी सगळ्यांना जेवायला बसवलं.

प्रभूमध्ये तुमची,
सहभागितेतली एक बहीण