आई, इथे भात कोण लावतं ते सांगते

व्हेर्चेल्ली, इटली
१२ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "तिकडं भात लावतं कोण गं?" मी "यंत्रं" म्हटलं आणि रेंज गेली. एवढ्याने तिच्या प्रश्नाचं उत्तर झालं नाही, हे तेव्हापासून मनात टोचतंय. म्हणून हे पत्र. बाबा, आईला वाचून दाखवताना सावकाश वाचा.

सध्या इथली खाचरं पाण्याने तुडुंब आहेत. गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी, मधून बांधांच्या रेघा. इथली माणसं याला "चौकटींचा समुद्र" म्हणतात. उत्तरेला मोंते रोझाचा बर्फाचा डोंगर आहे, ४,६३४ मीटर उंच. सकाळी वारा पडलेला असला की तो डोंगर उलटा होऊन खाचरात उतरतो. बगळे चिखलात उभे असतात, अगदी आपल्याकडच्यासारखे. पहिल्या वर्षी ते बघून मी गाडी बाजूला घेतली होती आणि बराच वेळ निघालेच नाही.

बाबा, आता पाण्याचं सांगते. इथे मोसमी पाऊस नाही. डोंगरातला बर्फ वितळतो, त्याचं पाणी नद्यांना येतं आणि नद्यांवरून कालव्यांना. मोठा कालवा कावूरच्या नावाचा, सुमारे ८५ किलोमीटर लांब. पो नदीवर किवास्सोपाशी सुरू होतो आणि पूर्वेला तिचिनो नदीपर्यंत जातो. वाटेत सेझिया नदी आडवी येते, तर कालवा तिच्या तळाखालून बोगद्याने पलीकडे काढलाय! १८६३ साली खणायला घेतला आणि १८६६ साली पाणी सोडलं. तीन-साडेतीन वर्षांत. आपल्या गावच्या पाटचारीची वाट तुम्ही किती वर्षं पाहिलीत ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

हा कावूर म्हणजे एकसंध इटलीचा पहिला पंतप्रधान. पण त्याआधी तो इथे जवळच, लेरी नावाच्या वाडीत, घरची भातशेती बघायचा. १८५३ साली त्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांचीच संस्था उभी केली, सरकारी कालव्यांचं पाणी आपसांत वाटून घेण्यासाठी. ती अजून चालते. मला कालव्यापेक्षा त्या संस्थेचं कौतुक जास्त वाटतं. कालवा पैशाने होतो. शेजाऱ्याच्या बांधावरून पाणी पुढे जाऊ देणं मात्र दीडशेहून जास्त वर्षं टिकवावं लागतं.

आणखी एक तुमच्यासाठी. आपल्या विहिरीवरची मोटर ज्या तत्त्वावर फिरते, ते फिरतं चुंबकीय क्षेत्र १८८५ साली गालिलेओ फेर्रारिसने दाखवलं. तेस्लाने ते वेगळं, स्वतंत्रपणे शोधलं. फेर्रारिस इथल्याच एका भाताच्या गावचा, जन्म १८४७चा. गावाने आता आपल्या नावापुढे त्याचं आडनाव लावलंय, लिव्होर्नो फेर्रारिस. मी तिथे गेले तेव्हा तुम्ही पावसात खोळ पांघरून स्टार्टर दुरुस्त करताना दिसलात.

तर आई, आता तुझा प्रश्न. हल्ली इथे लावणीच नसते. लेझरने जमीन सपाट करतात, ट्रॅक्टरला लोखंडी दात्यांची चाकं लावतात आणि भिजवलेलं बियाणं पाण्यात फेकत जातात. शंभर हेक्टर भात दोन-तीन माणसं काढतात. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे सगळं बायका करायच्या. त्यांना मोंदीने म्हणत, म्हणजे बेणणी करणाऱ्या. मेअखेरीला दूरदूरच्या जिल्ह्यांतून रेल्वेने यायच्या, चाळीसेक दिवस राहायच्या, काशीनात, म्हणजे चौसोपी शेतवाड्यात, रांगेने झोपायच्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीसुद्धा. गुडघाभर पाण्यात, अनवाणी, दिवसभर कमरेत वाकून तण उपटायचं, काही ठिकाणी रोपही लावायचं. डास, हिवताप, पाण्यातल्या जळवा. वाकूनच गाणी म्हणायच्या.

या बायकांनी संप केला, आई. मोदेस्तो कुन्योलिओ नावाचा वकील त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि १९०६ साली व्हेर्चेल्लीत त्यांनी आठ तासांचा दिवस मिळवला. इटलीत तेव्हा कारखान्यातल्या पुरुषांनाही तो सर्रास मिळत नव्हता. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तूच आठवलीस. चार वाजता उठून भाकऱ्या, मग सावडीची लावणी, मग संध्याकाळी जनावरं. तुझे तास कुणी मोजलेच नाहीत. मीसुद्धा नाही. मी बांधावर इरल्याखाली बसून अभ्यास करायचे आणि तुझी पाठ मला डोंगरासारखी नेहमीचीच वाटायची.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, पंच्याऐंशी पार केलेल्या. त्या पंधराव्या वर्षी मोंदीना होत्या. पाठ अजून तशीच वाकलेली. त्यांना मी तुझा फोटो दाखवला, आवणातला, हातात रोपाची मूठ असलेला. चष्मा लावून पाहिला आणि एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, चाळीस वर्षं. त्या काही बोलल्या नाहीत. फोटो मात्र बराच वेळ धरून बसल्या.

त्यांचा मुलगा मिलानला असतो. सोबतीला एक बाई आहे, युक्रेनची. इथल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं असंच आहे. पुऱ्या प्रांतात पावणेदोन लाखांच्या आतच माणसं, त्यांत तरुण थोडी. आपल्या एकट्या मावळ तालुक्यात याहून जास्त वस्ती आहे. माझा कारखाना वर वाल्सेझियाच्या खोऱ्यात, पाऊण तासावर. तिकडे भात नाही, नळ आणि व्हॉल्व्ह बनतात, लोकरीच्या गिरण्या आहेत. त्याच्याही वर, आलान्याला, लाकडी घरांत व्हाल्सर लोक राहतात. मध्ययुगात डोंगर ओलांडून आलेले, अजून काही म्हातारे जुनी जर्मन बोली बोलतात. एकाच प्रांतात इतकं.

दोन वर्षं मात्र शेतकऱ्यांच्या तोंडी एकच विषय होता. २०२२च्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फच पडला नाही, उन्हाळ्यात पो नदीचे वाळूचे पट्टे उघडे पडले आणि कितीतरी खाचरं उभी वाळली. हल्ली पुष्कळ जण कोरड्या जमिनीत पेरतात आणि पाणी उशिरा सोडतात. जुने लोक याच्यावर नाराज आहेत. एप्रिलमध्ये खाचरं भरली की पाणी जमिनीत मुरतं, खालच्या गावांना तेच पुढे झऱ्यांतून मिळतं. आता सगळ्यांना पाणी एकदम जूनमध्ये हवं असतं. मला जुन्या लोकांचं पटतं. बाबा, तुम्हालाही पटेल.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. बाबा, यंदा आईला लावणीला नेऊ नका. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं सांगितलंय, आणि ती "दोनच खाचरं तर आहेत" म्हणत जाणार, हे मला इथून दिसतंय. मजूर लावा, पैसे मी पाठवते. मजूर मिळाले नाहीत तर एक वर्ष वरचं खाचर पडीक राहू दे. तिने बांधावर खुर्ची टाकून सांगावं, रोप दाट झालं की विरळ. दिवाळीनंतर पासपोर्टचं बघू. पुढच्या मेमध्ये दोघांनी इथे यायचं.

ऑफिसातला एक जण पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर किलोभर तांदूळ पाठवलाय. आर्बोरियो, इथल्याच गावाच्या नावाचा, जाड दाण्याचा. खालच्या आजींनी दिलाय, तुझ्यासाठी. त्यांना पैशाबरोबर रोजचा एक किलो तांदूळ मिळायचा, म्हणून एक किलो. इथे त्यात घेवड्याचे दाणे आणि डुकराचं सॉसेज घालून पानिस्सा करतात. तू सॉसेज सोड, पावटे घाल. धुऊ नकोस, चिकटपणा जातो. आपल्या इंद्रायणीसारखाच मऊ होतो. खाऊन सांग कसा लागला, त्या रोज विचारणार आहेत.

तुमची,
शालू