औषधांची नावं सांध्यावरच तोडा

मा. संपादक, स. न.

आपल्या कृषी पानावरचा द्राक्षसल्ला मी कापून वहीत चिकटवते. परवाच्या सल्ल्यात ओळीच्या शेवटी ‘क्लो’ आणि पुढच्या ओळीत ‘रमेक्वाट’ असं छापून आलं. जागा संपली म्हणून नाव तुटलं असेल, पण बागेत अशा तुटण्यानं काय होतं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेतल्या नव्या फुटी पाच पानांवर होत्या. सल्लागारांनी फोनवर क्लोरमेक्वाट सांगितलं, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं आपलं सीसीसी. भाऊजी औषधांच्या खोलीत गेले, ‘क्लोर’ एवढं वाचून बाटली उचलली. ड्रममध्ये ओतताच उग्र वास आला म्हणून मी धावले. ते क्लोरपायरीफॉस होतं. ते तर कीटकनाशक. शेजारीच क्लोरोथॅलोनील, ते बुरशीनाशक. भाऊजी दहावी शिकलेत, त्यांना वाचता येतं. पण एवढं लांब नाव सलग दिसलं की डोळा पहिल्या जोडाक्षरापाशीच थांबतो. माझाही थांबतो.

मी लग्नाआधी सांगलीत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. आमच्या बाई फळ्यावर नाव लिहून मधे खडूनं उभ्या रेघा मारायच्या : टेट्रा । क्लोरो । आयसो । थॅलो । नायट्राईल. क्लोरोथॅलोनीलचं हेच रासायनिक नाव. टेट्रा म्हणजे चार, म्हणजे क्लोरीनचे चार अणू. ‘थॅलो’च्या आधी इंग्रजीत पी आणि एच लिहितात, उच्चारात मात्र ते येत नाहीत. आम्ही सगळ्याजणी तिथंच अडायचो. रेघ मारली की जीभ सुटायची.

तशाच रेघा आता आमच्या बाटल्यांवर मार्करनं मारल्यात. क्लोर-मे-क्वाट. क्लोर-पायरी-फॉस. क्लोरो-थॅलो-नील. ‘फॉस’ म्हणजे फॉस्फरसचं औषध, हे भाऊजी आता लांबूनच ओळखतात. अर्थात नुसत्या शेपटावर जाऊन चालत नाही. पॅराक्वाटमध्येही ‘क्वाट’ आहे आणि ते तणनाशक आहे. ते वेलीवर पडलं तर पानं जळून जातील.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे बाटलीसोबतचं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं. मराठी असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात आणि नाव सलग. २०१० साली याच क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, त्यामुळे फवारणीच्या नोंदवहीत नाव चुकणंही परवडत नाही.

कंपन्यांनी मराठी नाव ठळक आणि तोडून छापावं. आपल्या पानावर एका औषधाचं एकच लेखन ठेवावं. आज ‘थॅलोनील’, उद्या ‘थॅलोनिल’ नको. आणि ओळ संपलीच तर नाव ‘क्लोर’नंतर तोडावं, ‘क्लो’नंतर नाही. ऑक्टोबर छाटणीचे सल्ले सुरू होण्याआधी एवढं करा, ही कळकळीची विनंती.

– एक द्राक्ष बागायतदार महिला, ता. तासगाव, जि. सांगली