रॉस्कोफच्या ढालीवरचं गलबत

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

सध्या मुक्काम फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रॉस्कोफला. उत्तर किनाऱ्यावरचं जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचं बंदर. इथलं मानचिन्ह तुला आवडेल. निळ्या ढालीवर रुपेरी गलबत, खाली रुपेरी लाटा. शिडं मात्र पांढरी आणि त्यांवर काळे ठिपके. ढालीच्या माथ्यावरच्या पट्ट्यातही तेच. एर्मिन नावाचा मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो, शेपटीचा शेंडा तेवढा काळा राहतो. ठिपके म्हणजे ते शेंडे. १३१६ पासून ब्रिटनीच्या ड्यूकांची ढाल नुसती एर्मिनची. १५३२ साली ब्रिटनी फ्रान्सला जोडली गेली, पण रॉस्कोफच्या ढालीवर फ्रेंच राजाचं चिन्ह असलेलं लिलीचं फूल औषधालाही नाही! आपल्या सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावरही जहाज आहे, दोन डोलकाठ्यांचं. त्याच्या शिडांवर काही खूण दिसते का, बघून कळव.

खाली ब्रेटन भाषेतलं ब्रीद: ‘आ रेइ, आ स्केइ आताओ’. म्हणजे द्यायचं आणि हाणायचं, सदोदित. देण्यापेक्षा हाणण्यावरच यांचा भर असावा. अठराव्या शतकात इंग्लंडात जकात जबर होती. इथले व्यापारी वखारीत जिन, ब्रँडी, चहा भरून ठेवत. समुद्रापलीकडचे इंग्रज चोरटे येऊन माल उचलत आणि इंग्लंडातल्या कॉर्नवॉलला गुपचूप उतरवत. गावाच्या लेखी हा सरळ धंदाच.

बडे पाहुणेही आले. १५४८ साली स्कॉटलंडची पाच वर्षांची राणी मेरी स्टुअर्ट इथे उतरली. १७४६ मध्ये स्कॉटलंडातली कलोडनची लढाई हरलेला, ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्सही. पण मला देवळातच जास्त रस वाटला. जहाजमालकांच्या पैशानं सोळाव्या शतकात बांधलेलं क्रोआझ-बाट्झचं चर्च. बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेली गलबतं, घंटाघरावर दगडी तोफा. संतांच्या शेजारी तोफ ठेवायला यांना जराही संकोच वाटलेला नाही.

माझी तक्रार एवढीच, की ढालीवर कांदा नाही. १८२८ साली आंरी ऑलिविए नावाचा इथला शेतकरी बोटीत कांदे घालून इंग्लंडातल्या प्लिमथला गेला, सगळे विकून परतला, आणि गावाला वाटच सापडली. आपल्याकडे लसणाची घालतात तशी या गुलाबी कांद्याची वेणी घालायची, सायकलला लटकवायची आणि दारोदार फिरायचं. इंग्रजांनी या पोरांना ‘जॉनी’ नाव दिलं. १९२९च्या सुमारास असे चौदाशेक जॉनी होते. १९०५ साली ‘हिल्डा’ ही आगबोट सेंट-मालोजवळ खडकांवर फुटली, त्यात घरी परतणारे सत्तरेक कांदेवाले बुडाले.

आणि १९७३ साली तर इथल्या शेतकऱ्यांनी भाजीपाला इंग्लंडला न्यायला स्वतःचीच बोटसेवा काढली. ‘ब्रिटनी फेरीज’ ती हीच. म्हणजे ढालीवरचं गलबत कोणा सरदाराचं मुळी नाहीच, ते माल वाहणाऱ्यांचं आहे.

कांदा कच्चा खाऊन पाहिला. गोडसर आहे, डोळ्यांतून पाणी काढत नाही. मिसळीवर मात्र चालायचा नाही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश